पन्नास तास शेजारच्या सीटवर

८ मार्च, शनिवार
लायसन्ससाठी ॲनिकाला पालकाला शेजारी बसवून पन्नास तास गाडी चालवायची आहे. नियमच आहे. तास तक्त्यात लिहायचे, खाली मी सही करायची. तिची आई आता वेगळी, डलूथ शहरात राहते. शाळा संपली की कायमची तिकडे ये म्हणते. ॲनिकाने अजून ठरवलेलं नाही. म्हणजे तिला थांबवायला माझ्याकडे पन्नास तास आहेत. चालत्या गाडीतून उठून ती खोलीत जाऊ शकत नाही.
संकल्प: ओरडायचं नाही. मनातलं विचारायचं.

९ मार्च
अडीच तास. स्टॉप साइनला विचारलं, आत्ता तुला काय वाटतंय? म्हणाली, मागचा ट्रकवाला आपल्याला शिव्या देतोय असं वाटतंय.
सुरुवात चांगली.

१६ मार्च
ओरडलो नाही. डॅशबोर्ड घट्ट धरला, एवढंच. ती म्हणाली, डॅड, त्यापेक्षा ओरड ना! तू असा गप्प झालास की माझ्या पोटात दुखतं.
पोटदुखीची गोळी दिली. काळजी कृतीतून दिसावी.

५ एप्रिल, दुपार
आज मनमोकळं बोलणं झालं. मी बोललो. हायवेवर, तिच्या आईबद्दल, चाळीस मिनिटं. ॲनिका रडायला लागली. डोळ्यांत पाणी असताना गाडी चालवू नये, हे समजावलं. तिने इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली. एकही चूक नाही.

३ मे
हल्ली रडत नाही. दारं आपटत नाही. काहीही विचारा, ठीक आहे म्हणते. शेजारच्या व्हर्नला सांगितलं, पोरगी सुधारली. त्याचा पूर्वी गोठा होता. म्हणाला, लाइल, आमची गाय आजारी पडली की अशीच शहाणी व्हायची.
व्हर्नला मुलं नाहीत.

८ जून
तक्त्यात सेहेचाळीस तास. खरे पन्नास झालेत. चार मी लिहिले नाहीत. थोडा अवधी मिळावा म्हणून. तिने स्वतःची नोंद पुढे ठेवली, तारीख-वेळेसकट. भांडली असती तर बरं. नुसतं पेन दिलं. मी सही केली.

१३ जून, शुक्रवार
पास. परीक्षक म्हणाले, इतकी शांत मुलगी बघितली नाही, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही, कोणी शिकवलं? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मला फार अभिमान वाटला.
पार्किंगमध्ये म्हणाली, मी आईकडे जातेय. माझा इतका राग येतो का, असं विचारलं. म्हणाली, नाही रे डॅड. यायचा. आता काहीच येत नाही. तिकडे जाऊन बघते, परत येतो का.