मागचं इंजिन पुण्याला जातं

८ जानेवारी
अण्णांची धाप आज जरा कमी. सकाळी खाटेशी बसून 'मागचं इंजिन' पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. कर्जतला गाडीच्या मागे लागायचं, घाटभर ढकलायचं, लोणावळ्याला सुटायचं आणि एकट्याने खाली यायचं. अण्णांनी रेल्वेत उभा जन्म हेच केलं, माझं इंजिनही तेच करतं.
शिट्टीच्या पानावर नेहमीसारखं अडवलं. "पुढल्यानं शिट्टी दिल्याबिगर मागल्यानं जोर लावायचा नाय. ल्हिलंस ना?" लिहिलंय म्हटलं. तीनदा बदलायला लावलंत, विसरेन कशी.
शेवटाबद्दल कधीच काही बोलत नाहीत. पटला असणार.
डोळ्यांना आता नुसते आकार दिसतात. डॉ. म्हणाले, उन्हाळा निघाला तर निघाला. प्रकाशक म्हणतात पाडव्याला पुस्तक देतो. म्हणजे शर्यतच. माझं एवढंच मागणं, पुस्तक अण्णांच्या हातात पडावं. बक्षीसबिक्षीस नको. (खोटं. हवंय. पण ते मागाहून आलं तरी चालेल.)

१९ जानेवारी
चौक गावाजवळच्या शाळेत गोष्ट सांगायला गेले होते. हायवेवरून रिक्षा, नाकातोंडात धूळ. मुलं छान होती. त्यांना इंजिनाची गोष्ट सांगायला घेतली, छापण्याआधी एकदा मुलांवर चालवून बघावी म्हणून.
इंजिन पळसदरी स्टेशनही सोडत नाही तोच पुढची एक वेणीवाली उभी राहिली.
"बाई, ही आमाला ठाव हाय. त्ये इंजिन शेवटी पुन्याला जातं."
मी म्हटलं, नाही गं, ते लोणावळ्याहून परत येतं.
"नाय ओ बाई, जातं. चित्र पन हाय."
सगळा वर्ग तिच्या बाजूने. मग तिथल्या मास्तरांनी कपाटातून पुस्तक काढून आणलं, हसत हसत, जणू मला आनंदच होणार होता. 'ढकलू इंजिन'. नवंकोरं. कर्जत स्टेशन, वडापाववाले, मागे लागलेलं इंजिन, घाट, बोगदे, सगळं. लेखक कोणी कौस्तुभ. नाव कधी ऐकलेलं नाही.
गोष्ट कशीबशी पुरी केली. परत येणारं इंजिन मुलांना अजिबात आवडलं नाही.

२० जानेवारी
प्रकाशकांना फोन. त्यांना कळलंच होतं, मला सांगायला जीभ रेटत नव्हती म्हणे. "ताई, तुमचं चांगलंच आहे हो, पण एकाच विषयाची दोन पुस्तकं शाळा घेत नाहीत. दोनेक वर्षं जाऊ द्या."
दोन वर्षं! पाडव्याचं काय, असं विचारणार होते. विचारलं नाही. रडू आलं असतं आणि त्या माणसासमोर मला रडायचं नाही.
अण्णा: "कोनाचा फोन? छापायला घेतलं का?"
घेतलं, म्हटलं.

२३ जानेवारी
लिहिणं नाही. स्वयंपाकात मन नाही. डाळ दोनदा करपली.
चोरलंच असणार. मागे वाचनालयाच्या बालमेळाव्यात मी अर्धी गोष्ट वाचली होती. तिथे असेल हा कौस्तुभ, मागच्या खुर्चीत, कान टवकारून. की माझ्या पुस्तकाच्या चित्रकाराकडून कळलं? की प्रकाशकांकडूनच? आज मी चार भल्या माणसांवर संशय घेतला, त्यातल्या दोघांशी फोनवर तुसड्यासारखी बोलले. एकाने विचारलं, बरं नाही का. खरंच नाही बरं.

२६ जानेवारी
झेरॉक्सवाल्याकडून खर्ड्याचं स्पायरल बाइंडिंग करून आणावं आणि हे घ्या पुस्तक म्हणावं, असं मनात आलं. पण अण्णांची बोटं अजून शाबूत आहेत. तारेची गुंडाळी लागली की "ही तर वही गं" म्हणतील.

१ फेब्रुवारी
शेलूला जाऊन आले. कौस्तुभचा नंबर मिळवला होता, भांडायचं ठरवूनच निघाले होते. वाक्यं तोंडपाठ. लाज कशी वाटली नाही, वगैरे.
नव्या इमारतीत वरचा मजला. पोरगेलासा माणूस, मुंबईत नोकरी, घरात छोटी मुलगी. दारातच वाकून नमस्कार. "मॅडम, तुमची पुस्तकं वाचूनच ही झोपते." बायकोने पोहे केलेले. भांडणाची सोयच ठेवली नाही मेल्यांनी.
तरी विचारलं, कुठून सुचलं. म्हणाला, "पुण्याला चाललो होतो. कर्जतला गाडी थांबली, मागे इंजिन लावत होते. हिने विचारलं, बाबा, ते ढकलतं तर मग ते पुण्याला का येत नाही? मला उत्तर देता येईना. घरी येऊन लिहिलं."
झालं. एवढंच. कोणी काही चोरलेलं नाही. त्या फलाटावर रोज हजार माणसं तेच बघतात. मी मात्र समजत होते, माझे वडील त्या इंजिनावर होते म्हणजे इंजिन माझं.
मी काय लिहितेय ते त्याला सांगितलं नाही. माझा अपमान झाला असता आणि त्याला वाईट वाटलं असतं. दोन्ही नको.
निघताना पुस्तक दिलं. पहिल्या पानावर सही, "आदरणीय मॅडमना". नाही म्हणता येईना. पिशवीत विटेएवढं जड वाटत होतं.

२ फेब्रुवारी
वाचलं. चांगलं आहे. हे इथे लिहायलासुद्धा जिवावर येतंय. शिट्टी मात्र चुकवलीय, मागचं इंजिन आधी वाजवतं. फार बरं वाटलं.

५ फेब्रुवारी
अण्णांचे पाय सुजलेत. दोन पावलं टाकली की बसावं लागतं. आज म्हटलं, खरं काय ते सांगूनच टाकू. कौस्तुभचं पुस्तक मुद्दाम हातात घेऊन खोलीत गेले. हे बघा, दुसऱ्याने लिहिलं, आपलं राहिलं, असं सांगायचं होतं.
पानांचा आवाज झाला मात्र, उठून बसायला लागले. "आलं? वसू, आलं गं?" दोन्ही हात पुढे.
मी दिलं.
पुठ्ठ्यावरून हात फिरवला, पान नाकाशी नेलं, पुन्हा हात फिरवला. "तुजं नाव कुटं?" मी त्यांचं बोट धरून कौस्तुभच्या नावावर ठेवलं. हे मी केलं. कोणी करायला लावलं नाही.
मग "वाच" म्हणाले. माझी गोष्ट मला पाठ आहे, ती म्हणू शकले असते. पण मी त्याचीच वाचली. खरं कारण लिहिते: अण्णांनी ती मोडीत काढावी असं मला वाटत होतं. शिट्टीचं पान आलं. मी थांबले, वाट बघितली. अण्णा म्हणाले, "बदललंस व्हय? चालतंय. पोरांचं पुस्तक हाय."
चालतंय! मला तीनदा फाडायला लावलंत ते पान!
शेवट वाचला. लोणावळ्याला गार्ड इंजिनाला सोडतच नाही, म्हणतो, चल आज तूही. इंजिन पुण्याला जातं, फलाटावर मुलं टाळ्या वाजवतात. असला गोडगोड शेवट मी कधी लिहिला नसता.
अण्णांच्या डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "बरं केलंस. नेलंस त्याला. आदीचं ते माघारी येनं आयकलं का मला लई वाईट वाटायचं गं. बोललो नाय, तू येवढं ल्हितेस, तुजं मन कशाला मोडा."
मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

६ फेब्रुवारी
माझा शेवट मी अण्णांसाठी लिहिला होता. त्यांच्या जगण्याचा मान म्हणून. त्यांना तो एकदाही आवडला नाही.
राग कोणाचा येतोय तेच कळत नाही. कौस्तुभचा नाही, एवढं नक्की.
अण्णा खुशीत. पेज वाटीभर घेतली. समोरच्या दूधवाल्याला हाक मारून पुस्तक दाखवलं. "माज्या पोरीचं." तो बिचारा गडबडीत होता, चित्र बघून छान म्हणाला.

८ फेब्रुवारी
"सई कर गं माज्या पुस्तकावर. पैल्या पानावर. अण्णांस, असं ल्ही."
पहिल्या पानावर कौस्तुभची सही. पेन सापडत नाही म्हटलं. दुपारी परत विचारलं. शाई संपलीय म्हटलं. लेखिकेच्या घरात शाई नाही, यावर अण्णा हसले, मग खोकला, मग बराच वेळ श्वासच लागेना. पाठ चोळत बसले.
सांगावं का? आत्ता सांगितलं तर पुस्तकही जाईल आणि तो शेवटही. आणि नाही सांगितलं तर अण्णा जातील ते दुसऱ्याचं पुस्तक माझं समजून. मला काय हवंय? अण्णांनी मला नावाजावं, तेही खरोखर माझ्या ओळींसाठी. पन्नाशी उलटली तरी हेच.
दुपारी माझा खर्डा काढून शेवटचं पान समोर ठेवलं. इंजिन लोणावळ्याला उभं. पुढे एक शब्द सुचला नाही.

९ फेब्रुवारी
पुस्तक उशाशी. झोपेतही एक हात त्यावर. हळूच ओढून बघितलं तर बोटं घट्ट झाली.
संध्याकाळी शिंदेकाकांचा फोन. अण्णांच्या शेजारी इंजिनावर वर्षानुवर्षं बसलेला माणूस, अण्णांनी निरोप धाडून बोलावलंय. उद्या सकाळी येतात. त्यांची नजर अजून चांगली आहे, पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात.
"वसू, चष्मा आटवनीनं आनतो. आनी आल्या आल्या पैलं तुजं नाव दाखव मला, कुटं छापलंय ते. मोट्यानं वाचनार हाय मी, तुज्या बापाला आयकू जाईल असं."
या काका, म्हटलं.