गौरीचा पाण्यावरचा कॉम्प्युटर

९ एप्रिल, गुरुवार
आज पुन्हा दोन खोकी आली. गौरीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. टॉवेल-चादरींची डिझाईनं करून तीन वर्षं साठवलं पोरीनं, त्यातून हे. लॅपटॉप ह्या उन्हात तापतो, ऐन कामात बंद पडतो, चिंचोळीच्या कारखानदाराचे फोनवर फोन. म्हणून आता घरीच कॉम्प्युटर जोडणार, पाण्यानं गार होणारा.
मी : पाण्यावर चालणार?
गौरी : चालत नाही गं आई, गार होतो. गाडीला रेडिएटर असतो की नाही, तसं.
कुणाला विचारून करणार म्हटलं, तर म्हणे, "काकू आहे की."
काकू म्हणजे शै. माझी धाकटी जाऊ. तंत्रनिकेतनात शिकवते. आणखी काय लिहायचं.

१० एप्रिल, शुक्रवार
एकादशी नाही, काही नाही, तरी जेवले नाही नीट. भूक नव्हती.
शै. चारला स्कूटरवर आली. दोघी चटईवर मांडी घालून. मी चहा घेऊन गेले तर शै. म्हणते, "अक्का, चटईवर पाय नको हं, स्क्रू आहेत." माझी चटई. मीच विणलेली, जुन्या साड्यांची.
उंबऱ्यात उभी राहून चहा दिला.

१२ एप्रिल, रविवार
आत कोणतं पाणी घालायचं ह्यावर चर्चा. नळाचं नको, क्षार बसतो म्हणे. ते मला कुणी सांगायला नको, वीस वर्षं इथल्या पाण्याच्या बादल्या लिंबानं घासतेय. मी म्हणाले, "इन्व्हर्टरला बॅटरीचं पाणी घालतो, ते घाला की. त्याला क्षार नसतो." गौरी : "आई, तू थांब गं जरा."
दहा मिनिटांनी शै. म्हणाली, डिस्टिल्ड वॉटर आणू.
"वा काकू!"
संध्याकाळी ह्यांच्याबरोबर कॅन आला. वाचला. बॅटरीचंच पाणी.
ह्यांना दाखवलं. म्हणाले, "असू दे की, तुझंच खरं झालं ना?" खरं होऊन काय करायचंय.

१३ एप्रिल, सोमवार
सिद्धेश्वराला जाऊन आले. ऊन लई. गौरीसाठी मागायला गेले होते, पण हात जोडल्यावर शै.च आठवली. तिला कॉलेजात पेपर तपासायचं काम लागू दे, असं मागितलं. जोरात नाही. मनात.
पाया पडताना लाज वाटली, मग गौरीसाठी वेगळा नमस्कार केला.

१५ एप्रिल, बुधवार
काचेसारख्या नळ्या गरम हवेनं वाकवायच्या असतात. गौरीचं बोट भाजलं. ओरडली तशी कणकेचे हात तसेच घेऊन पळाले, तुपाची वाटी घेऊन. तोवर शै.नं फुंकर घालून मलम लावलेलं. "झालं आई, काकूनं लावलं."
तिला एकच मुलगा, तो पुण्यात. मुलगी नाही. म्हणून माझी घ्यायची?
खालच्या बाजूला, त्या महागाच्या ग्राफिक्स कार्डाजवळ, शेवटची नळी शै.नंच बसवली. हातानं पिळून म्हणाली, "घट्ट." वाटी झाकून ठेवली. तूप वाया गेलं नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार
पाणी भरलं. नळ्यांतून बुडबुडे पळत होते, बघायला छान होतं, खोटं का लिहू. नुसता पंप चालू ठेवलाय, बाकी सगळं बंद. नळ्यांच्या सांध्याखाली टिश्यू पेपर पसरून ठेवलेत. उद्या संध्याकाळपर्यंत असंच. मला एवढंच सांगितलं, "आई, इथं झाडू नको."
का, ते नाही सांगितलं.

१८ एप्रिल, शनिवार
जसं झालं तसं लिहिते.
उद्या अक्षय्य तृतीया. सणाच्या आदल्या दिवशी फरशी पुसायची नाही, हे मला जमणार नाही. झाडलं नाही, पुसलं. गौरी अंघोळीला गेली होती. बघते तर एक कागद ओला. वाटलं माझ्याच फडक्याचं पाणी उडालं, आता ही ओरडणार. कागद तर चांगला, टाकवेना. गॅलरीत दोन मिनिटांत वाळला, होता तसा खाली सरकवला. दुपारी ती फोनवर असताना डोकावले, परत ओलसर. परत वाळवला. टेबल पुसून भिजलेला टिश्यू मी नेहमीच वाळवते, त्यात नवीन काही नाही.
संध्याकाळी शै. आली. दोघींनी बॅटरी मारून एकेक कागद बघितला. "एक थेंब नाही!" मिठ्या. मग गौरी माझ्याकडं वळून, "आई, गळती असती ना, तर कागद भिजला असता. म्हणून ठेवले होते."
तेव्हा कळलं मला. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "काकूचा हात म्हणजे हात!"
दूध बघते म्हणून आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया
आमरस, पुरी. कॉम्प्युटरच्या पेटीला विभूती लावली, हळदकुंकू वाहिलं. बटण कुणी दाबायचं? मी पदर नीट केला.
"काकू, तू दाब."
चालू झाला. आत निळा उजेड, आवाज अजिबात नाही. सगळे बघत होते. मी खालची नळी बघत होते. काही दिसलं नाही. फडक्याचंच पाणी असेल. तसंच असणार. दिवसभर स्वतःला हेच सांगितलं.

२० एप्रिल, सोमवार
दुपारी तीनला बंद पडला. गौरीची हाक अशी, की हातातली पळी पडली. खालच्या नळीतून पाणी झिरपून कार्डावर गेलेलं.
शै. कॉलेजातून तशीच आली. गौरी तिच्याकडं बघेना. "तूच म्हणालीस ना घट्ट आहे? तूच बसवली होतीस." शै.नं वाकून नळी बघितली, बाजूला काढून ठेवलेले शनिवारचे कागद चाळले. पंखा बंद होता, घाम गळत होता. मग म्हणाली, "माझंच चुकलं असेल, बाळा." चहा न घेता गेली. आमच्या घरातून चहा न घेता ती पहिल्यांदा गेली.
मला बरं वाटलं.
हे खोडणार नाही. बरं वाटलं.

२२ एप्रिल, बुधवार
कार्ड काढून वाळत ठेवलंय. चालेल, नाही चालेल, गौरीलाही माहीत नाही. जुन्या लॅपटॉपखाली पंखा लावून काम ओढतेय. कारखानदाराला फोनवर, "सर, शनिवारपर्यंत नक्की, सर." इतक्या वेळा सर.
वाटलं होतं आता माझ्याजवळ येऊन बसेल. आवडतं म्हणून शेंगाचटणी कुटली ताजी. "ठेव तिथं." पाठ माझ्याकडं. शै.चे दोन फोन आले, उचलले नाहीत. म्हणजे आता ती कुणाचीच नाही.

२३ एप्रिल, गुरुवार
लिंगपूजेला बसले, तळहातावर लिंग घेतलं आणि नजर ठरेना. तशीच उठले, चालत शै.कडं गेले. दारातच सांगून टाकलं. फरशी, कागद, गॅलरी, सगळं.
ती म्हणाली, "आत तरी या अक्का."
पाणी दिलं. मग, "मला कळलं होतं."
"कधी?"
"सोमवारी. शनिवारचे कागद हातात घेतले तर त्यातला एक कडक, चुरमडलेला. भिजून वाळल्याशिवाय टिश्यू तसा होतो का? आणि तुमच्या घरात टिश्यू कोण वाळवतं ते सगळ्या भावकीला ठाऊक आहे की."
"मग बोलली का नाहीस?"
"काय बोलू? तुम्ही आई आहात तिच्या. आणि नळी मी सैल बसवली, ते काय खोटं आहे?"
निघताना म्हणाली, "तिला सांगू नका. माझ्यावर राहू दे. काकूवरचा राग पोरी विसरतात."
मी रडायला हवं होतं. रस्ताभर संताप आला. ह्यातही तीच मोठी. गप्प बसले तर जन्मभर तिच्या उपकारात. सांगितलं तर गौरी परत तिच्या गळ्यात पडणार, आणि मी उंबऱ्यात.

२५ एप्रिल, शनिवार
गौरी सकाळी आली. पाच दिवसांत पहिल्यांदा जवळ बसली. कार्डाचं अजून माहीत नाही, पण सगळं परत जोडलंय. नवी रबरी रिंग घातली, पाणी भरलं, पंप चालू. कारखानदारानं सोमवारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलंय.
"आई, ह्या वेळी कागद तू बघ. तासातासाला बघायचं आणि लिहून ठेवायचं. काकूला नको बोलवायला."
हेच तर हवं होतं मला. खुर्ची टाकून खोलीत बसलेय. उंबऱ्यात नाही.
एवढ्याला नवी वही कशाला, म्हणून ह्याच वहीत लिहितेय.
१० वा. कोरडे.
११ वा. कोरडे.
१२ वा. कोरडे.
१ वा. कोरडे. हात लावून बघितले, सगळे.
गौरी हॉलमधनं विचारतेय, "लिहितेस ना गं? आण बघू, मला टाचणं बघायचीत." पान फाडून देता येईल. पण मागच्या बाजूला शै.कडचा गुरुवार लिहिलाय. फाडलं तरी जाईल तो तिच्या हातात.
चपला वाजताहेत तिच्या. येतेय.