बाबांच्या बुटांची माती

वेन्डेल,

नाक सांधलं का? नसेल तर बरंच झालं.

बाबा गेल्यावर त्यांचे बूट धू म्हटलं, तर "त्यांच्या शेवटच्या गुहेची माती आहे, ताई," म्हणालास आणि तेच घालून आपल्या गुहेत उतरलास. त्या मातीतून तिथल्या वटवाघळांना बुरशी लागली. भर हिवाळ्यात ती झोपेतून उठली आणि बुरशीनं पांढऱ्या पडलेल्या नाकांनी बर्फात तडफडून मेली. मी ती फावड्यानं गोळा करत होते, तेव्हा तू म्हणालास, "वटवाघळंच तर आहेत!" तेच फावडं मी तुझ्या तोंडावर घातलं.

बूट जाळले. त्याआधी माती खरवडून बरणीत भरली, झाकण मेणानं बंद केलं. मलाही टाकवेना.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू बरणी मागायला येशील, आणि फावडं अजून दारातच आहे.

तुझीच,
ॲडा