पाचवं शील

अकोला,
जून १९६२

प्रिय शेषराव,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तर द्यायचं मीच टाळत होते. सुभद्राला घे आणि कायमची अमरावतीला निघून ये, असं तू लिहिलंस. तेही कचेरीतल्या हुकमासारखं! कारकून झालास म्हणून मोठ्या बहिणीवर हुकूम सोडतोस होय रे? पण रागावले नाही. 'आमच्या दोन खोल्यांत तुम्ही जड नाही,' असं तुझ्या ललितानं खाली लिहिलंय, ते वाचून मात्र रडूच आलं.

यांना, तुझ्या देवमनभाऊजींना, तू गांजेकस म्हणालास. आहेतच ते. पण माझ्या लग्नात तू त्यांच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हतास, तेही जरा आठव. त्यांनी कधी माझ्यावर हात उचलला नाही. जिनमध्ये कापसाच्या गाठी बांधायला लागले तेव्हा सोबत्यांनी चिलीम हातात दिली. 'रुईनं गळा भरते, चिलमीनं मोकळा होते,' असं म्हणायचे. घरी यायचे ते हसत, दोन भाकरी जास्त खायचे आणि सुभद्राला पोटावर घेऊन झोपायचे. शेजारच्या घरी दारूनं रोज भांडी फुटत होती, तेव्हा मला वाटायचं, आपलं बरंच आहे की! गांजा काय, बैरागीही ओढतात.

मग खोकला धरला. कामावर खाडे व्हायला लागले, सांगितलेलं ध्यानात राहीना. गेल्या हिवाळ्यापासून तर शेजारी भिंतीआडून आपल्याबद्दलच बोलतात, असं घेऊन बसलेत. खिडकीत गोणपाट कोंबलंय. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हे गांजानंच डोक्यात गेलंय, आधी तो बंद करा. आता जिनमधला त्यांचा सोबती डोमाजीही त्यांच्याच चिलमीतून ओढतो आणि ठणठणीत आहे. एकाला बाधतं, एकाला नाही, याला काय म्हणावं? डोमाजीकडे बोट दाखवून हे मला गप्प करतात.

तुला एक ठाऊक नाही. दीक्षा घेतल्यापासून आम्ही दर रविवारी विहारात वंदनेला जातो. सगळे मोठ्यानं पंचशील म्हणतात. हे पहिली चार शीलं म्हणायचे आणि पाचवं, नशेचं आलं की तोंड मिटून उभे राहायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा घरी आल्यावर मी भांडले, नुसते ओठ हलवले तर काय झिजतात का? तर म्हणाले, "पेतो मी. मंग म्हनू कसा?" शेषराव, मोहाची ढोसून आलेले तिथं पाचवं शील सगळ्यांत मोठ्यानं म्हणतात. हा माणूस तेवढा गप्प राहायचा. त्या दिवसापासून मी हसणाऱ्या बायांकडे बघणं सोडलं. याच एका गोष्टीसाठी मी इथं टिकून राहिले, असं म्हटलंस तरी चालेल.

यंदा बुद्ध जयंतीला त्यांनी पाचही शीलं म्हटली. खणखणीत. लोकांनी मिठ्या मारल्या, विहारातल्या चतुराबाईनं माझे हात धरले, मी तर खिरीत साखर दुप्पट घातली. संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याला तोच वास. विचारलं तर म्हणाले, सोडला. आणि पोरीला पुढं केलं, "इचार तिले." सुभद्रानं माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "बाबा नाई पेत." पापणीही हलली नाही तिची. सुट्टी म्हणून खुंटीला टांगलेलं तिचं दप्तर मी खाली काढलं, तर पुस्तकांच्या मधे पुडी. तिनंच ठेवली होती, बाबांनी सांगितलं म्हणून. मला राग आला नाही रे, मी घाबरले. शाळेत मी दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोलायला शिकवते, आणि माझ्या घरात हे.

म्हणून लिहिते आहे. मी येत नाही. माझी शाळा इथं आहे, आणि यांना या भिंतींशी बोलत एकटं सोडणं माझ्यानं होणार नाही. डॉक्टर नागपूरला दाखवा म्हणतात, तिथं नेऊन बघते. फक्त सुभद्राला पाठवते. शनिवारी चतुराबाई अमरावतीला येते आहे, तिच्याबरोबर. तू एसटी स्टँडवर ये आणि शाळा उघडायच्या आत तिचं नाव घाल. का पाठवते, हे मी तिला लपवून ठेवलं नाही. घरात राहून तुला खोटं बोलायची सवय लागते आहे, म्हणून मामाकडे जायचं, असं सरळ सांगितलं. रडेल वाटलं होतं. रडली नाही. थोडा वेळ फ्रॉकची किनार ओढत बसली आणि तिनं मला विचारलं, "मंग बाबाच्यासाठी खोटं कोन बोलीन?"

तुझीच,
पंचफुलाताई