कणकेवरची मरळ

अब्बा, गेल्या महिन्यात मी एक रबराचा बेडूक विकत घेतला. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवाल, हे मला इथूनच दिसतंय. वय त्रेपन्न, जुन्या जालन्यात मोटार रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान, घरात नात रांगतेय, आणि हा गृहस्थ बेडूक विकत घेतो. पण त्या बेडकाशिवाय मला तुमच्याशी जे बोलायचंय ते बोलता येणार नाही. छत्तीस वर्षं मी एक गोष्ट तुमच्यापासून लपवली आहे. तुम्ही होतात तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी दर ईदला कबरीपाशी उभा राहतो, घरचं, दुकानाचं, हवापाण्याचं बोलतो आणि परत येतो. तुम्हीच मला मराठी शाळेत घातलंत, त्यामुळे लिहायला बसलो की मराठीच येते. चालवून घ्या.

पार्सल आलं तेव्हा मी दुकानात होतो. तुमच्या सुनेनं ते तांदूळ निवडता निवडता उघडलं आणि बेडूक थेट सुपात पडला. हिरवी पाठ, पिवळं पोट, मागे रबराच्या झिरमिळ्यांचे दोन पाय आणि पाठीला चिकटून बसलेले दोन गळ. ती ओरडली नाही, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. फोन करून तिनं एवढंच विचारलं की तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना. संध्याकाळी मी तिला सगळं समजावलं. हा आतून पोकळ असतो, पाण्यावर तरंगतो, शेवाळावरून ओढत आणला की मरळीला वाटतं खराच बेडूक चाललाय. तिनं तोंडात धरला की रबर दबतं आणि गळ वर येतात. म्हणजे माशाला उल्लू बनवायचं, ती म्हणाली. मी म्हटलं, हो. अब्बांना हे चाललं नसतं, असं म्हणून ती तांदळाकडे वळली. तिचं बरोबर होतं.

आणि तरी हा बेडूक खास तुमच्यासाठी बनवावा असाच आहे. कापड दुकानाला सुट्टी असली की तुम्ही अंधारातच उठता. अम्मीच्या डब्यातून गव्हाचं पीठ काढता, घट्ट मळता, त्यात बडीशेप कुटून घालता आणि वरून अत्तराचा एक थेंब. अम्मी चुलीपासून न हलता विचारते, ‘मच्छियां शादी को आरे क्या?’ तुम्ही हसत नाही. मासे धरण्याच्या बाबतीत तुम्ही कधीच हसला नाहीत. मग आपण शहागडच्या रस्त्याला एसटीतून उतरतो आणि बांधाबांधानं पाटीलकाकांच्या शेतावर जातो. काका आधी तुमचे गिऱ्हाईक होते. हे कापड पहिल्या धुण्यातच आटेल असं तुम्ही त्यांना विकायच्या आधीच सांगितलंत, शेठजी तुमच्यावर उखडले, आणि काका त्या दिवसापासून तुमचे दोस्त झाले. त्यांचं तळं एवढंसं, या काठावरून दगड भिरकावला तर पलीकडे पडेल. कडेनं पाणकणीस, मध्ये शेवाळ आणि शेवाळाखाली मरळी. काका भोकं पाडलेल्या डब्यातून जिवंत बेडूक काढून गळाला लावायचे आणि हातभर मरळ ओढून काढायचे. तुम्ही मात्र कणीक. बेडूक मारायला मनाई आहे हे तुम्ही लहानपणी मौलवीसाहेबांच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्यात तुम्हाला कसलीही सवलत नको होती. दिवसभरात तुमच्या वाट्याला बोटाएवढ्या चार मासळ्या यायच्या. मरळ काय चपाती खाती व्हय भाई, असं काका दर खेपेला विचारायचे, आणि दर खेपेला त्यांना तो विनोद नव्यानं सुचल्यासारखा वाटायचा.

मी अकरावीत होतो. त्या वयात बापाची कुणी चेष्टा केली की आपलंच नाक कापल्यासारखं होतं. त्या दिवशी काका चहा आणायला वस्तीवर गेले होते आणि तुम्ही गळाचा बांबू माझ्या हातात देऊन लिंबाखाली असरची नमाज पढायला उभे राहिलात. काकांचा डबा माझ्या पायाशी होता. अब्बा, मी बेडूक लावला. सांगून टाकलं. तुमची कणीक काढून पाण्यात फेकली आणि डब्यातला सगळ्यात लहान बेडूक गळाला लावला. लहान असला की गुन्हाही लहान होईल, असा काहीतरी माझा हिशोब होता. तुमची नमाज अर्ध्यावर आली नसेल तोच बांबू वाकला. मी दोन्ही पाय चिखलात रोवून उभा होतो आणि तुम्ही तिकडे सगळं शांतपणे पूर्ण करत होतात. तुम्ही उजवीकडे सलाम फिरवलात, डावीकडे फिरवलात, आणि मग अनवाणी असे धावत आलात की चटई तुमच्या पायाबरोबर चार पावलं आली. मरळ तुम्हीच बाहेर ओढलीत. ती बेडूक कधीच गिळून बसली होती. गळ मीच काढतो, तुमचा हात चिरेल, असं म्हणून मी पाठमोरा बसलो. कणकेवर लागली का, तुम्ही विचारलंत. मी मान हलवली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ते कसं होतं ते ऐका. घरी अम्मीनं मरळ चिरली आणि पोटात बेडूक निघाला. मी हळूच दाराकडे सरकलो. तुम्ही मात्र खूश होऊन सगळ्या गल्लीला सांगत सुटलात की बघा, पोटात अख्खा बेडूक असताना ही बाई माझ्या कणकेला आली, काय चव असेल. प्रत्येक लग्नात, प्रत्येक दावतीत ती मरळ वाढत गेली. लांबी तेवढीच राहिली, तिथं तुम्ही एक बोटही जास्त सांगितलं नाही, पण तिचा कणकेवरचा जीव वाढत गेला. काकांना मात्र हे काही केल्या पटेना. एकदा पारावर चारचौघांत ते हसत म्हणाले की भाई बाकी खरा माणूस, फक्त मरळीपुरता लबाड. तुमचा चेहरा उतरला.

‘पाटील,’ तुम्ही म्हणालात, ‘मी कपडा खोटं बोलून विकला न्हाई. मच्छी काय खोटी सांगू? खुदा की कसम, कणीकच होती.’

कसम तुम्ही घेतलीत आणि शेजारी उभा राहून घाम मला फुटला. त्यानंतर वर्षभर तुम्ही तळ्यावर गेला नाहीत. सुट्टीच्या दिवशी घरात बसून जुने पायजमे उसवायचात आणि परत शिवायचात. मग काका मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला दुकानात आले, चल भाई, मानलं, असं म्हणाले, आणि तुमचं जाणं-येणं पुन्हा सुरू झालं. पण त्यांनी वरवर मानलंय हे तुम्हाला कळत होतं. शेवटच्या आजारपणातसुद्धा तुम्ही मला म्हणालात की पाटलाला अजून खरं वाटत नाही. मी तुमचे पाय चेपत होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी आणखी जोरानं पाय चेपले.

काका आता ऐंशीच्या पुढे गेलेत आणि दहा हातांवरचं त्यांना दिसत नाही. पंधरवड्यापूर्वीच्या रविवारी मी ठरवून गेलो. त्यांच्यासमोर रबरी बेडकावर मरळ काढायची, बेडूक त्यांच्या हातात ठेवायचा आणि तिथूनच जुन्या बेडकापर्यंत यायचं, म्हणजे तुमच्यावरचा लबाडीचा डाग निघेल. त्यांच्यासमोर एकदम बेडूक काढायला मात्र धीर होईना, म्हणून आधी तुमच्या पद्धतीची कणीक लावली. ते लिंबाखाली खुर्चीत बसून माझ्या रीळवाल्या काठीला नावं ठेवत होते. ठेवता ठेवता त्यांचा डोळा लागला तसा मी बेडूक लावला. पहिली फेक बाभळीत गेली. दुसरीही बाभळीतच, पण वेगळ्या. तिसरी शेवाळावर पडली. पाण्यावरचे तरंग विरेपर्यंत थांबायचं, मग एक हलका झटका, पुन्हा थांबायचं. तिसऱ्या झटक्याला पाणी फुटलं आणि बेडूक दिसेनासा झाला. लगेच ओढायचं नसतं, दोन आकडे मोजायचे असतात. मी तुमच्यासारखं बिस्मिल्लाह म्हटलं आणि ओढली.

आवाजानं काका जागे झाले. काठी टेकत आले, वाकले आणि मरळीच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला. कशावर लागली, त्यांनी विचारलं. बेडूक माझ्या मुठीत होता, ओला, थोडा दबलेला. पाठ केलेलं सगळं माझ्या ओठावर होतं. आणि मी म्हणालो, कणकेवर.

काका तिथंच बांधावर बसले. बराच वेळ त्यांनी मरळीवरचा हात काढला नाही.

‘मंग भाई खरंच बोलत व्हता,’ ते म्हणाले. ‘अन् मी त्याला समद्या गावापुढं लबाड म्हनलो.’

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. खोटं बोलल्याची शरम संध्याकाळी एसटीत बसल्यावर आली. भाईच्या नावानं सोड तिला, असं म्हणून त्यांनी मरळ परत पाण्यात सोडायला लावली. आता ते रोज सुनेकडून कणीक मळून घेतात आणि तळ्यावर बसतात. एकही मरळ लागलेली नाही. दर दोन दिवसांनी मला फोन येतो, की कणीक सैल ठेवायची का घट्ट. मी कधी सैल सांगतो, कधी घट्ट.

काल मात्र त्यांनी कणकेचं विचारलं नाही. म्हणाले, ‘आता माझे दिवस भरत आलेत. वर गेलो की पयले भाईला गाठतो अन् त्याचे पाय धरतो.’ तुमचे आणि त्यांचे वरचे रस्ते वेगळे असतील, पण एखादं तळं शोधून तुम्ही दोघं भेटणार, यात मला शंका नाही. आणि तिथंच हे पत्र अडतं, अब्बा. हे तुम्हाला कळलं, तर ते पाय धरायला वाकतील तेव्हा तुमच्याच्यानं गप्प राहवणार नाही. बेडूक होता पाटील, असं तुम्ही सांगून टाकाल, आणि पुन्हा वर्षभर बोलणं बंद. त्यापेक्षा तुम्हाला काही माहीत नसलेलंच बरं. त्यांनी माफी मागावी, तुम्ही ती खऱ्या मनानं द्यावी. म्हणून हे पत्र मी कबरीपाशी वाचणार नाही, दुकानात जुन्या कॉइलींच्या खोक्यात ठेवून देणार आहे. सगळं कारण काकांवर ढकलणं बरोबर नाही, तेही सांगतो. मला अजून तुमची भीती वाटते.