दोन हजार एकशे सोळा वॅटचा कूलर

चि. चंद्रभान यास,

तुझ्या मनोहर भाऊजींचे नागपुराहून आशीर्वाद. (कूलरपुढे बसून लिहिलं असतं तर ते तुला थंड पोचले असते. आत्ता आहेत तसे घे.) सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? विहिरीला पाणी किती? संत्र्याची झाडं यंदाच्या उन्हात तग धरून आहेत ना? तुझी बहीण तिथे येऊन आज नऊ दिवस झाले, तेव्हा ती खुशाल आहे हे मी गृहीत धरतो. तुमच्या पडवीत कूलर आहे.

फोन केला असता, पण तुझा फोन वाजला की तो प्रेमलताच उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवते. म्हणून हे पत्र. तिने तुला माझ्याबद्दल काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. आता शास्त्राची बाजू ऐक.

मी एकतीस वर्षं शाळेत ओहमचा नियम शिकवला हे तू जाणतोस. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर. हे झोपेतही सांगू शकणारी मुलं मी घडवली. (प्रत्यक्ष करंट मोजायचा योग मात्र आला नाही. शाळेचा अ‍ॅमीटर कपाटात होता, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे होती, आणि वापरला तर बिघडेल म्हणून तपासणीच्या दिवशी तो फक्त लांबून दाखवायचा, अशी पद्धत होती. माझ्या निवृत्तीपर्यंत तो अगदी नवा राहिला.) तू नववीत शाळा सोडलीस तेव्हा, या मुलाचं विजेशी कधी जमणार नाही, असं मी तुझ्या वडिलांना बजावलं होतं. आज नरखेडकडच्या निम्म्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी तूच रिवाइंड करतोस, हा अपवाद समजावा.

तर, एकतीस वर्षांची हौस फेडायला मी सीताबर्डीच्या एका स्टॉलवरून मीटर आणला. चिमट्यासारखं तोंड, तारेला नुसतं धरायचं की करंट दिसतो. घरी येऊन चालू कूलरच्या वायरीला तो लावला, तर करंट शून्य. पुन्हा लावला, पुन्हा शून्य. दोनशे तीस गुणिले शून्य म्हणजे पॉवर शून्य! आपला कूलर वीज खातच नाही, हे मी समोरच्या शरच्चंद्र वकिलांना बोलावून दाखवलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि घरी जाऊन पाणी प्यायला सांगितलं. मी घरीच होतो.

दुसऱ्या दिवशी मलाच शंका आली. (शास्त्रज्ञ स्वतःवरही शंका घेतो. हे तिला सांग.) प्लग काढून, मीटरसोबत आलेल्या दोन तारा लावून कूलरच्या मोटारीचा रेझिस्टन्स मोजला, तो पंचवीस ओहम. दोनशे तीस भागिले पंचवीस म्हणजे नऊ पूर्णांक दोन अँपिअर, आणि पॉवर दोन हजार एकशे सोळा वॅट! कूलरवर छापलंय एकशे ऐंशी. म्हणजे कंपनी खोटारडी, आणि आपण घरात इस्त्रीहून खादाड जनावर पोसत होतो. मी तत्काळ दुपारी बारा ते पाच कूलरबंदी जाहीर केली. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं, पण तत्त्व ते तत्त्व.

त्यावर तुझी बहीण कमरेला पदर खोचून म्हणाली, "काल फुकट चालत होता, अन् आज इतका खाऊन राहिला? मंग लाइन गेल्यावर आपल्या एवढ्याशा इन्व्हर्टरवर कसा चालते?" मी म्हणालो, हा अनुभव झाला, हे गणित नव्हे. ती म्हणाली, "मले तुमचं गणित नाई समजत. घाम समजते." आणि दुपारच्या एसटीने तुझ्याकडे निघून गेली. जाताना माठ भरून ठेवला होता, हे मला संध्याकाळी दिसलं.

तेव्हा तू भाऊ या नात्याने तिची समजूत घाल. आकडे खोटं बोलत नाहीत. घरी सर्व ठीक आहे. मी स्वयंपाक करतो. (वरण.)

तुझा भाऊजी,
मनोहर

ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी सीताबर्डीला जाऊन आलो. खोटा मीटर विकल्याबद्दल स्टॉलवालीला झापायचं होतं. ती निघाली माझीच विद्यार्थिनी प्रीती. तिने स्टॉलवरच्या, आपल्यासारख्याच कूलरची एकच तार सुटी करून चिमट्यात धरली. पॉइंट आठ अँपिअर. म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी वॅट, आणि ती म्हणते की खरी पॉवर त्याहून थोडी कमीच धरा. "सर, दोन्ही तारा एकाच वेळी धरल्या तं जाणारा अन् येणारा करंट एकमेकाले खाऊन टाकते, शून्यच दिसन. अन् बंद मोटरच्या रेझिस्टन्सवरून पॉवर काढता येत नाई. आपली लाइन एसी आहे, तिले कॉइल वेगळीच अडवते. तुमी आम्हाले सांगतलं नव्हतं काय?" मी म्हणालो, अभ्यासक्रम तिथवर येत नव्हता.

ता. क. २ : घरी येऊन मीही एक तार सुटी करायला गेलो. (प्लग काढला होता, काळजी नको.) भाजीच्या सुरीने दोन्ही तुटल्या. कूलर चार दिवसांपासून बंद आहे, आणि हे पत्रही तसंच पडून आहे. रविवारी इकडे ये, तुझी हत्यारं घेऊन ये, आणि प्रेमलतालाही. हत्यारं विसरलास तरी चालेल.

ता. क. ३ : हे पत्र तिला दाखवू नकोस. दाखवलंसच तर एवढी ओळ वाच: मी चुकलो, माठ रोज मी भरतो, पण पाणी तसं गार होत नाही.