मनमाडहून यायची स्प्रिंग

अंबरनाथ (पूर्व),
रविवार, ५ फेब्रुवारी १९८९

आदरणीय द्रौपदीआत्यास,
उत्पलाचा सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. तेल चोळून गुडघ्याला काही फरक नाही असं तू लिहिलं आहेस आणि खाली तेलाची आणखी एक बाटली पाठवायला सांगितली आहेस, तेव्हा थोडा फरक असावा. बाटली पाठवते. आईचा खोकला थांबला. नानांचा रक्तदाब वाढला आहे, त्याचं कारण पुढे येईल.

तू विचारलं आहेस, ‘मुलगा पसंत आहे की नाही ते एका शब्दात कळव.’ स्थळ तू आणलंस, तेव्हा उत्तर मागायचा तुला हक्क आहे. पण मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला आहे. प्रेशर गेज चांगला की वाईट एवढंच लिहून दिलं तर आमचे साहेब कागद परत पाठवतात. काय तपासलं ते आधी लिहावं लागतं. म्हणून आधी ते.

जयदेव मास्तर, त्यांची आई आणि मामा बदलापूरहून पहिल्यांदा आले ते उशिरा. बदलापूर ते अंबरनाथ मधे एकही स्टेशन नाही (चिखलोलीला कोणी उतरत नाही, कारण गाडी थांबत नाही), तेव्हा वाटेत रेंगाळले म्हणायलाही जागा नव्हती. नाना दारातच उभे. तुला माहीत आहे, तुझ्या धाकट्या भावाची सगळी नोकरी टाइम ऑफिसात, उशिरा येणाऱ्यांच्या पंचिंग कार्डावर लाल रेघा मारण्यात गेली. रिटायर होताना त्यांना सेलवरचं भिंतीचं घड्याळ मिळालं, तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाला लाल रेघ बसते. मास्तरांनी आपल्या मनगटाकडे पाहून शांतपणे सांगितलं, “आमच्या घड्याळात वेळेवरच आलोय.” नाना म्हणाले, “तुमच्या घड्याळावर रेल्वे चालत नाही, मास्तर.” आईने पोहे आणले म्हणून विषय तिथेच थांबला.

घड्याळ चावीचं आहे. त्यांच्या वडिलांचं. काचेवर चरे, पट्टा दोनदा शिवलेला. रोज सकाळी दात घासून झाले की मास्तर चावी देतात, आणि ते (घड्याळ) तरीही दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडतं. मी विचारलं, मग कशाला ठेवता? तर म्हणाले, “चावी दिल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही.” दिवस पृथ्वी फिरल्यामुळे सुरू होतो, हे बदलापुरात कुळगावच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला मलाच सांगावं लागलं. ते म्हणाले, “तीच तर अडचण आहे. पृथ्वीला माझी काही गरज लागत नाही.” हे उत्तर नाही, पण मी नोंद करून ठेवली.

जावयाला घड्याळ द्यायची आपल्यात रीत आहे. नाना पुढच्याच रविवारी मास्तरांना घेऊन उल्हासनगरला गेले, पसंती कळवायच्या आधीच. (त्यांचं म्हणणं, मुलगा नाकारायचा झाला तरी वेळेवर आलेला नाकारू.) मी बरोबर होते, तांत्रिक सल्ल्यासाठी. दुकानदार सिंधी, बोलायला गोड. क्वार्ट्झचं घड्याळ काचेवर ठेवून म्हणाला, “साईं, चाबी का झंझट ही नहीं. पहनो और भूल जाओ!” मास्तर म्हणाले, “भूलना नहीं है, सेठ.” आणि घड्याळ दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, परत सरकवलं. नानांचे कान लाल झाले. आत्या, त्यांनी लाल रेघ ओढली ती मला तिथेच दिसली. मग चावीचं घड्याळ कसं चालतं ते सेठला दाखवायला मास्तर आपल्या घड्याळाला चावी देऊ लागले, आणि आत ‘कट्ट’ झालं. मेन स्प्रिंग तुटली. रिटायर झाल्यापासून नानांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

घरी येताना नानांनी निकाल दिला. “आज सेलचं घड्याळ नको म्हणतोय, उद्या गॅस नको म्हणेल. बसशील चुलीपुढे फुंकत! मी ताईला नकार कळवून टाकतो.” अजून कळवलेला नाही, कारण तुला पत्र लिहायचं म्हणजे त्यांना सहीच्या आधी दोन वेळा पाणी प्यावं लागतं.

माझं मत तांत्रिक आहे. सेलवरच्या घड्याळात एक खडा असतो, तो सेकंदाला बत्तीस हजारांहून जास्त वेळा थरथरतो आणि कधी चुकत नाही म्हटलं तरी चालेल. घालणारा कोण आहे, आजारी आहे की गावाला गेलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उघडलं तर बघण्यासारखं काही नसतं. चावीचं घड्याळ उन्हात वेगळं चालतं, थंडीत वेगळं, उताणं ठेवलं की वेगळं, आणि दोन दिवस दुर्लक्ष केलं की बंद. असं यंत्र आमच्या डिपार्टमेंटला आलं तर मी नापास करीन. उघडलं की आत एक चाक मागेपुढे झुलत असतं, श्वास घेतल्यासारखं. ते मी अर्धी जेवणाची सुट्टी पाहिलं. (तपासणीचा भाग म्हणून.)

कारण घड्याळ माझ्याकडे आहे. दुकानात मी “द्या, बघते” म्हटलं, त्यांनी दिलं. त्या मेकची स्प्रिंग इकडे मिळत नाही, आमच्या मामांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, घड्याळ त्याच मेकचं होतं, ते मनमाडला आत्याच्या ट्रंकेत आहे, तिथून मागवते, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हापासून ते दर रविवारी स्प्रिंग आली का विचारायला बदलापूरच्या कात्रपहून येतात. मनगट मोकळं असतं आणि नेमके ठरल्या वेळेला येतात, यामुळे नाना फार अस्वस्थ आहेत. आज ते आईला म्हणाले, “घड्याळ काढून घेतलं तर सुधारला की गं.”

एकंदरीत स्थळात पुष्कळ त्रुटी आहेत. घाईने काही ठरवू नये. गुडघ्याला जपावं.

तुझी,
उत्पला

ता. क. मामांच्या घड्याळातली स्प्रिंग कृपया पाठवू नकोस. उल्हासनगरात ती दुसऱ्याच दिवशी मिळाली. मी बसवली, घड्याळ चालू आहे, रोज सकाळी मीच चावी देते. मास्तरांनी तुझा पत्ता लिहून घेतला आहे. त्यांचं पत्र आलं तर ट्रंकेची किल्ली सापडत नाही असं कळव.

ता. क. २. आज मास्तर आले तेव्हा घड्याळ माझ्या स्टीलच्या डब्यात, डबा खिडकीत. नाना पेपर घेऊन आत गेले, आई चहा टाकायला उठली, खोली शांत झाली आणि डब्यातून टिकटिक सगळ्या खोलीभर ऐकू यायला लागली. मास्तरांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “मनमाडचं टपाल सावकाश येतं, नाही? येऊ दे. मी पुढच्या रविवारी बघतो.” टिकटिकीचा हा दोष सेलवरच्या घड्याळात इतका नसतो.

ता. क. ३. एका शब्दात: हो. नानांना तूच सांग, ते फक्त तुला घाबरतात. पण आणखी दोन-चार रविवार जाऊ देत.